टॉवेलच्या मेलमध्ये 'ऑल्वेज' कुठं बसवायचं?

टेरीटॉवेल (सोलापूर)

नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बायरचे मेल, सगळं माझ्याच टेबलावर. शाळा मराठी माध्यमाची, घरात तेलुगू आणि ऑफिसात बसलं की इंग्रजी. मेल मी लिहायचा, मालकांनी वाचायचा, मग पाठवायचा, अशी आमच्याकडची पद्धत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही अण्णाच म्हणते.

बाकी इंग्रजीवरून आमचं काही नाही, पण ऑल्वेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, नेव्हर हे शब्द आले की रोजची वादावादी. मी एका जागी लिहिते, अण्णा उचलून दुसरीकडं ठेवतात. मोबाइलमधलं ग्रामर तपासणारं अ‍ॅप कधी माझ्या बाजूनं, कधी त्यांच्या.

ही वाक्यं बघा. फोनवर मराठी कीबोर्डच आहे, म्हणून इंग्रजीसुद्धा देवनागरीतच टाकतेय.

१. वुई चेक ऑल्वेज द जीएसएम बिफोर पॅकिंग. (अण्णांचं. माझं होतं: वुई ऑल्वेज चेक द जीएसएम. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन.)

२. द टॉवेल्स ऑल्वेज आर पॅक्ड इन पॉली बॅग्ज. (हेपण अण्णांचं. मी आर आधी घेतलं होतं.)

३. वुई यूज टू सेंड लॅब रिपोर्ट विथ एव्हरी लॉट. (हे माझ्या आधीच्या क्लार्कनं ठरवून ठेवलेलं वाक्य. प्रत्येक मेलच्या खाली असतंच.)

४. डार्क शेड्स ऑल्वेज डू नॉट मॅच हंड्रेड पर्सेंट. (अण्णांनी तोंडी सांगितलं, अजून पाठवलेलं नाही.)

५. यू आर ऑल्वेज आस्किंग फॉर न्यू सॅम्पल्स. (हे पाठवायचंच म्हणून अण्णा हट्टाला पेटलेत.)

विचारायचं कारण असं की ३ नंबरचं वाक्य गेल्यावर जर्मनीच्या बायरचा उलट मेल आला, 'व्हेन डिड यू स्टॉप?' आम्ही काहीच बंद केलेलं नाही. रिपोर्ट तर त्याच मेलला जोडलेला होता. ऑफिसात कुणालाच उलगडा होईना. अण्णा म्हणाले, त्याचंच इंग्रजी कच्चं असणार.

कुणी नीट सांगेल का? नियम असेल तर सांगा, पण अण्णांना पटेल असा.

बाळीवेस_बॉय

समजलं म्हंजे झालं की ओ ताई. जर्मन माणूस काय तांबडा पेन घेऊन बसलाय होय? रेट बरोबर लावा, माल टायमात सोडा, ऑर्डर आपोआप येतीया. आमच्या चुलत्यानं आयुष्यभर 'मटेरियल रेडी, पेमेंट सेंड' एवढ्यावर धंदा केला.

निवृत्त_मास्तर

बाळीवेशीतल्या दादांचं म्हणणं निम्मं खरं आहे. १ आणि २ मुळं तुमचं काही बिघडणार नाही, बायर मनात शब्द जागेवर ठेवून वाचेल आणि पुढं जाईल. ३, ४ आणि ५ चं मात्र तसं नाही. तिथं वाक्याचा अर्थच फिरलाय, आणि वाचणाऱ्याला तो फिरलाय हे कळायला मार्ग नाही. म्हणून आधी ३ घेतो.

मी पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. वर्गात निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड, राहिलेल्यांच्या मराठी. पण 'आय यूज टू गेट अप ॲट सिक्स' हे वाक्य सगळ्या घरांतून सारखंच येई. पोराला म्हणायचं असायचं, मी रोज सहाला उठतो. 'उठत असतो' याला जोड म्हणून काहीतरी हवं असतं, कानावर 'यूज टू' पडलेलं असतं, आणि त्यात आपल्याला युज्वलीचा वास येतो. प्रत्यक्षात तो शब्द यूज्ड टू. बोलताना त्यातला ड गिळला जातो. आणि तो फक्त भूतकाळाचा: पूर्वी करायचो, आता करत नाही. तुमच्या वाक्यातला ड गळलाय. बायरला वाटलं टायपिंगमध्ये राहिला असेल, त्यानं तो मनातच घातला आणि वाचलं, 'आम्ही प्रत्येक लॉटसोबत लॅब रिपोर्ट पाठवायचो.' मग त्यानं काय विचारावं? कधी बंद केलंत? त्याचं इंग्रजी चांगलं पक्कं आहे, अण्णांना सांगा.

ड नसलेलं यूज टू एकाच ठिकाणी बरोबर. आधी डिड किंवा डिडन्ट असेल तर. डिड यू यूज टू सेंड, वुई डिडन्ट यूज टू सेंड. आणि 'वुई आर यूज्ड टू सेंडिंग' हे तिसरंच, आम्हाला पाठवायची सवय आहे. त्याच्या नादाला मेलमध्ये लागूच नका.

सवय सांगायला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ पुरतो. 'वुई सेंड अ लॅब रिपोर्ट विथ एव्हरी लॉट.' सेंडच्या पोटातच 'पाठवत असतो' आहे, आणि किती वेळा ते एव्हरी लॉट सांगतंय. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रोज रात्री सोलापुरातून सुटते, हे 'द सिद्धेश्वर एक्स्प्रेस लीव्ह्ज सोलापूर एव्हरी नाइट'. तिथं यूज्ड टू घातलंत तर गाडी बंद पडली म्हणून लोक स्टेशनावर चौकशीला जातील.

आता ४. ही चूक मराठीतून जशीच्या तशी येते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. आपण नाही हा शब्द शेवटी ठेवतो आणि नेहमी त्याच्या आधी. 'उजनी नेहमी भरत नाही.' ऐकणाऱ्याला कळतं की काही वर्षी भरतं, काही वर्षी नाही. इंग्रजीत शब्द त्याच ओळीनं लावले तर होतं 'उजनी ऑल्वेज डझ नॉट फिल', आणि त्याचा अर्थ होतो की न भरणं हेच कायमचं, म्हणजे उजनी कधीच भरत नाही. जे म्हणायचंय ते असं: 'उजनी डझ नॉट ऑल्वेज फिल.' नॉट आधी, ऑल्वेज मागून. नॉटनं ऑल्वेजला खोडलं पाहिजे.

तुमच्या वाक्यात बायर वाचणार की गडद रंग कधीच जुळत नाहीत. मग तो गडद रंग घेईल कशाला? 'डार्क शेड्स डू नॉट ऑल्वेज मॅच हंड्रेड पर्सेंट' असं करा.

गंमत म्हणजे समटाइम्सचं बरोबर उलटं. 'समटाइम्स डू नॉट मॅच' बरोबर, 'डू नॉट समटाइम्स मॅच' चूक. युज्वली दोन्हीकडं चालतो. यामागं कारण आहे, पण ते सांगत बसलो तर अण्णा मेल बंद करून पुन्हा फॅक्स सुरू करतील.

नेव्हर, रेअरली, सेल्डम, हार्डली एव्हर यांच्या पोटात नकार आधीच असतो. आपण 'कधीच उशीर करत नाही' असं दोन तुकड्यांत बोलतो, म्हणून पोरं 'वुई नेव्हर डोन्ट डिले' लिहायची. त्याचा अर्थ होतो, उशीर केल्याशिवाय आम्ही राहतच नाही. बायरसमोर एवढा खरेपणा नको.

५ वर उद्या लिहितो. लाइट गेलीय, आणि फोनची बॅटरी संपत आलीय.

पुण्यात_सोलापूरकर

मास्तर, 'यूज टू'नं आमच्याकडं पण धिंगाणा घातलाय. मी हिंजवडीत, क्लायंट अमेरिकेत. एकानं लिहिलं होतं, वुई यूज टू टेक बॅकअप एव्हरी नाइट. लगेच दुसऱ्या दिवशी मीटिंग, तिकडचे चार मॅनेजर हजर.

माझी भर आकड्यांच्या शब्दांवर, कारण टॉवेलताईंना शिपमेंटच्या मेलमध्ये हे लागणारच. बायवीकली हा शब्द चुकूनही वापरू नका. डिक्शनरीत त्याचे दोन्ही अर्थ आहेत, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. फॉर्टनाइटली इंग्लंडला आणि आपल्याकडं चालतं, अमेरिकन माणूस बघत बसतो. सरळ एव्हरी टू वीक्स लिहा.

आणि हे शब्द ऑल्वेजसारखे क्रियापदाजवळ घुसवायचे नाहीत. मी एक आड एक शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येतो. 'आय एव्हरी अदर सॅटर्डे गो होम' असं होत नाही, 'आय गो होम एव्हरी अदर सॅटर्डे' होतं. पाहिजे तर एव्हरी अदर सॅटर्डे वाक्याच्या सुरुवातीला. डेली, वीकली, ट्वाइस अ मंथ, सगळे शेवटी.

एकदा क्लायंटनं गप्पा मारताना विचारलं, हाऊ ऑफन डू यू गेट वॉटर इन युवर टाउन? सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न! एव्हरी फाइव्ह डेज सांगितलं तर त्याला वाटलं मी पावसाबद्दल बोलतोय. आणि आपल्याकडं चार दिवसांआड म्हणजे मध्ये चार दिवस कोरडे की चौथ्या दिवशी नळ, यावर आमच्या सोसायटीत अजून एकमत नाही. इंग्रजीचं काय घेऊन बसलात.

निवृत्त_मास्तर

पुण्यातल्यांचं बरोबर. त्यात एवढंच घालतो की आपल्याकडं 'वन्स इन अ वीक' फार लिहितात. वन्स अ वीक पुरे. इन तेव्हा, जेव्हा मागं आकडा असतो, वन्स इन फाइव्ह डेज. तिथंही एव्हरी फाइव्ह डेज जास्त सुटसुटीत.

आता ५, 'यू आर ऑल्वेज आस्किंग.' ग्रामरनं हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच धोक्याचं. अ‍ॅपला त्यात चूक सापडणार नाही, आणि बायर चिडेल. ऑल्वेजच्या मागं आयएनजीचं क्रियापद आलं की सूर बदलतो: सारखं काय मागत असता हो तुम्ही! सासूनं सुनेला म्हणावं तसा. अण्णांना तेच म्हणायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग बायरनं सॅम्पलच काय, ऑर्डरपण मागितली नाही तर तक्रार करू नये. नुसती माहिती द्यायची असेल तर 'यू ऑफन आस्क फॉर न्यू सॅम्पल्स'. त्याहून चांगलं म्हणजे त्याच्याबद्दल काही न लिहिता आपली अडचण लिहा: एका सॅम्पलला किती दिवस लागतात, किती खर्च येतो.

हीच आयएनजी आपण स्वतःबद्दलपण लावतो. वुई आर ऑल्वेज चेकिंग, वुई आर ऑल्वेज डिस्पॅचिंग ऑन सॅटर्डे. आपण 'करतोय' आणि 'करतो' सारखंच वापरतो, त्याचा हा परिणाम. चेकिंग लिहिलं की चित्र असं उभं राहतं की कारखान्यात दुसरं कामच नाही, सगळे दिवसभर काटा घेऊन बसलेत. वुई ऑल्वेज चेक. वुई युज्वली डिस्पॅच ऑन सॅटर्डेज.

१ आणि २ थोडक्यात. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये शिरायचं नाही, म्हणून 'चेक ऑल्वेज द जीएसएम' चूक. ॲम, इज, आर, वॉज, वेअर असेल तर त्याच्या मागं. हॅव, विल, कॅनसारखं मदतीचं क्रियापद असेल तर पहिल्याच्या मागं: हॅव ऑल्वेज बीन पॅक्ड. नुसतंच क्रियापद असेल तर त्याच्या आधी. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी यांची जागा धरलेली असते, तुम्ही फक्त जाऊन बसायचं. दोन्ही वाक्यांत तुम्ही बरोबर बसला होतात, अण्णांनी उठवलं.

हॅवकडं मात्र लक्ष ठेवा, तो दोन प्रकारचा आहे. 'वुई ऑल्वेज हॅव व्हाइट टॉवेल्स इन स्टॉक', इथं हॅव म्हणजे असणं, मुख्य क्रियापद, म्हणून ऑल्वेज आधी. 'वुई हॅव ऑल्वेज पॅक्ड इन पॉली बॅग्ज', इथं तो मदतनीस.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही. 'अवर डाईंग मास्टर ऑल्वेज चेक द शेड' असं कुठं लिहिता का, बघा. कर्ता आणि क्रियापद शेजारी असले की पोरं एस बरोबर लावायची: मास्टर चेक्स. मध्ये ऑल्वेज येऊन बसला की एस गायब. वह्या तपासताना हे इतकं दिसायचं की मी समासात काही लिहीत नसे, नुसता एस काढून गोल करायचो. मागून चाचणीच्या पेपरात गोल काढण्याचं काम पोरं स्वतःच करायला लागली, एस मात्र तरीही विसरायची.

शुद्धलेखन_ताई

मी भाषांतर आणि मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणून सरांशी जरा वाद. आयएनजीसोबत ऑल्वेज म्हणजे तक्रारच असं नाही. 'शी इज ऑल्वेज हेल्पिंग पीपल' यात कौतुक आहे. सूर 'सारखं, वारंवार, अपेक्षेपेक्षा जास्त' असा असतो, राग की लाड ते पुढचं क्रियापद ठरवतं.

दुसरं, बी क्रियापदाच्या मागं हा नियम दरवेळी खरा नाही. कुणी विचारलं, 'आर यू रेडी?' तर उत्तर 'वुई ऑल्वेज आर'. 'वुई आर ऑल्वेज' म्हणून थांबता येत नाही. आणि जोर द्यायचा असेल तर अमेरिकन लेखनात 'ऑल्वेज हॅज बीन' सर्रास दिसतं. तेव्हा २ नंबरचं 'ऑल्वेज आर पॅक्ड' याला सरसकट चूक म्हणणं मला जड जातं. चमत्कारिक म्हणेन.

निवृत्त_मास्तर

ताई, दोन्ही मुद्दे मान्य. वुई ऑल्वेज आर तर मी वर्गात सांगायचो, कारण वाक्य तिथंच संपत असेल तर ऑल्वेजला उघड्यावर सोडता येत नाही. पण बघा, जोर द्यायचा तर आधी काहीतरी झालेलं असावं लागतं. कुणी म्हणालं की तुमचे टॉवेल पिशवीत नव्हते, मग आपण म्हणू, 'बट दे ऑल्वेज आर पॅक्ड.' या मेलमध्ये कुणी काही म्हणालेलंच नाही. आपणच विनाकारण आवाज चढवला तर बायरला शंका येते. तेव्हा चमत्कारिक हा तुमचा शब्द घेतो, सल्ला माझा ठेवतो.

टॉवेलताई, तुम्हाला एक उलटा प्रश्न. वुई ऑल्वेज चेक द जीएसएम, हे ऑल्वेज म्हणजे नक्की केव्हा? रोज? प्रत्येक लॉटला? प्रत्येक पीसला? तुमच्याकडं काम कसं चालतं ते सांगा, मग वाक्य करू.

टेरीटॉवेल (सोलापूर)

सर, सगळं अण्णांना वाचून दाखवलं. सासूचं वाचल्यावर मिशीत हसले, आणि ५ नंबर रद्द झाला. ३ वर म्हणाले, इतकी वर्षं तेच वाक्य जातंय, आधी कुणी कसं विचारलं नाही? मी म्हटलं, आधीच्यांनी विचारलं नसेल, मनात धरलं असेल. मग गप्प बसले.

जीएसएमचं सांगते. गोल कटर असतो, तो टॉवेलवर दाबून फिरवला की १०० चौरस सेंटीमीटरचा बरोब्बर गोल तुकडा निघतो. तो छोट्या काट्यावर ठेवायचा, जेवढे ग्रॅम येतील त्याला १०० नं गुणायचं. ५ ग्रॅम आला तर ५०० जीएसएम. तुकडा कापला की तो टॉवेल गेला, त्यामुळं प्रत्येक पीसचं करणं शक्यच नाही. आम्ही प्रत्येक लॉटमधून पीस काढतो. बाकीचे टॉवेल नुसते वजन करून बघतात, तेपण सगळे नाही. पंखा चालू असला की काट्यावरचा आकडा हलतो, म्हणून त्या टेबलावरचा पंखा बंद करून बसायचं, उन्हाळ्यात तर नको होतं. आमच्या चेकिंगवाल्या मावशी म्हणतात, जीएसएम टॉवेलचा काढायचा का आमचा?

निवृत्त_मास्तर

मावशींना नमस्कार सांगा.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. 'वुई ऑल्वेज चेक द जीएसएम' वाचून बायर समजू शकतो की प्रत्येक टॉवेल तपासला जातो. उद्या त्याला एखादा हलका टॉवेल सापडला की तो हेच वाक्य तुमच्या पुढ्यात ठेवेल. वाक्य असं करा: 'वुई चेक द जीएसएम ऑफ एव्हरी लॉट बिफोर पॅकिंग.' ऑल्वेज गेला. तो कुठं बसवायचा यावरचं भांडणपण गेलं.

युज्वलीचं तसंच. 'द जीएसएम इज युज्वली ५००' म्हणजे काय? शिकवायच्या पुस्तकांत तक्ते असतात, ऑल्वेज १०० टक्के, युज्वली इतके, ऑफन तितके. दोन पुस्तकं उघडली तर दोघांचे आकडे जुळत नाहीत. बोलताना चालतं, मालाच्या कागदावर चालत नाही. अधिक-उणे ५ टक्के अशी काहीतरी मर्यादा तुमच्या करारात असेलच, तीच लिहा.

म्हणजे हे शब्द वापरूच नयेत असं नाही. जिथं आकडा देता येत नाही, किंवा दिला तर हास्यास्पद होईल, तिथं तेच हवेत. 'इन एप्रिल द टेंपरेचर हिअर ऑफन क्रॉसेस ४० डिग्रीज', हे छान वाक्य आहे. क्रॉसेसचा एस बघा.

टेरीटॉवेल (सोलापूर)

मेल गेला सर. सगळा टाकत नाही, कामाचा भाग असा:

'वुई सेंड अ लॅब रिपोर्ट विथ एव्हरी लॉट. वुई हॅव नॉट स्टॉप्ड. वुई चेक द जीएसएम ऑफ एव्हरी लॉट बिफोर पॅकिंग. द टॉवेल्स आर ऑल्वेज पॅक्ड इन पॉली बॅग्ज. डार्क शेड्स डू नॉट ऑल्वेज मॅच हंड्रेड पर्सेंट, सो वुई सेंड अ शेड स्वॅच फॉर युवर अप्रूव्हल फर्स्ट.'

पॉली बॅगचा ऑल्वेज ठेवला, कारण ते खरंच दरवेळी होतं. बायरचं एका ओळीत उत्तर आलं, थँक यू, नाऊ क्लिअर.

पण अण्णा आता तयार झालेत. दोन नव्या गोष्टी काढल्यात. एक, वॉश केअरच्या लेबलवर आमच्याकडं छापलेलं आहे, 'ऑल्वेज वॉश डार्क कलर्स सेपरेटली. नेव्हर यूज ब्लीच.' ते म्हणाले, तुझे सर म्हणतात ऑल्वेजची जागा मधली, मग लेबलवर पहिलाच शब्द कसा? लेबल बदलायचं तर हजारो छापून पडलीत. दोन, कंपनीच्या माहितीपत्रकात त्यांनी स्वतः लिहिलंय, 'नेव्हर वुई हॅव डिलेड एनी शिपमेंट.' त्यांना ते फार भारदस्त वाटतं.

बाळीवेस_बॉय

अण्णा लई भारी माणूस दिसतोय बे. आमच्या चुलत्याला भेटवा एकदा.

निवृत्त_मास्तर

लेबल टाकून देऊ नका, ते बरोबर आहे. तिथं आज्ञा आहे, कर्ता दिसतच नाही. यू हा शब्द मनातला. ऑल्वेज क्रियापदाच्या आधीच बसलाय, पुढचा माणूस उठून गेल्यामुळं पहिला दिसतो. आज्ञेत ऑल्वेज आणि नेव्हर सुरुवातीलाच येतात. पुढच्या वेळी छापाल तेव्हा मात्र दोन्ही शब्द गाळलेत तरी चालतील. 'वॉश डार्क कलर्स सेपरेटली', 'डू नॉट ब्लीच'. लेबलवरची सूचना दरवेळचीच असते, वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय फुली मारलेला त्रिकोण ब्लीच नको हे कुठल्याही भाषेच्या माणसाला सांगतो. जागा उरली तर तिथं फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका हे घाला. त्यानं टॉवेल पाणी ओढेनासा होतो, आणि शिव्या विणणाऱ्याला बसतात.

माहितीपत्रकाचं तसं नाही. कर्ता असताना नेव्हरला पुढं आणायचं असेल तर मागचा क्रम प्रश्नासारखा उलटावा लागतो. 'नेव्हर हॅव वुई डिलेड.' रेअरली, सेल्डम यांचंही तेच, 'रेअरली डू वुई'. अण्णांनी निम्मंच उलटवलंय. पण उलटवूच नका. ते भाषणात शोभतं, कागदावर नाटकी वाटतं. 'वुई हॅव नेव्हर डिलेड अ शिपमेंट' पुरेसं भारदस्त आहे.

त्याआधी एक विचारतो, रागावू नका. हे खरं आहे का?

टेरीटॉवेल (सोलापूर)

नाही ना सर. न्हावा शेवाला एकदा कंटेनर अडकला होता आणि एकदा सूत उशिरा आल्यामुळं आम्हीच चुकलो. दोन्ही वेळा याच जर्मन बायरचा माल होता.

शुद्धलेखन_ताई

मग 'रेअरली'सुद्धा त्याच्याकडं पाठवायच्या प्रतीत नको. त्याच्याकडं दोन्हींच्या तारखा असणार.

निवृत्त_मास्तर

ताई म्हणतात तेच. माहितीपत्रकातून ते वाक्यच काढा आणि त्या जागी ऑर्डर पक्की झाल्यापासून किती दिवसांत माल निघतो ते लिहा. 'वुई शिप विदिन', पुढं तुमचा आकडा. सूत उशिरा येण्याचे दिवस धरून आकडा काढा.

टेरीटॉवेल (सोलापूर)

अण्णा म्हणतात ४५ लिहू. प्रॉडक्शनवाले म्हणतात ६०. आता ते दोघं भांडतायत, मी मेल उघडून बसलेय.